मार्चमधले महाबळेश्वर

मुंबई सोडून महाबळेश्वरला राहायला जाणार असे आम्ही जाहीर केले, तेव्हा ओळखीच्या माणसांत दोन तट पडले. एकांनी आमचा हेवा केला, दुसऱ्यांनी पावसाळ्याविषयी विचारले. हेवा करणारे पुष्कळ होते आणि सगळे मुंबईचे होते. पावसाळ्याविषयी विचारणारा एकच निघाला, तो मूळचा मेढ्याचा. पाऊस मुंबईतही पडतोच, असे उत्तर आम्ही त्याला हसून दिले. तोही हसला आणि पुढे काही बोलला नाही. सातारकडच्या माणसांचे हे न बोलणे म्हणजे काय, ते आम्हाला पुढे हळूहळू कळत गेले.

ही गोष्ट डिसेंबर २०२० मधली. आम्हां दोघांची कामे तोवर घरातूनच चालू लागली होती. मुलगा तिसरीत होता आणि त्याची शाळा संगणकाच्या पडद्यावर भरत होती. पण खरे कारण नाना होते. नाना म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. एका घरात बारा-तेरा वर्षे काढल्यावर हा भेद उरत नाही. चौतीस वर्षे त्यांनी मुंबईतल्या एका शाळेत मराठी शिकवले. त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांना करोना झाला. त्यातून ते उठले, पण फुप्फुसांनी पूर्वीसारखी साथ दिली नाही. मुलुंडच्या आमच्या घरात खिडकी उघडली की धूळ आणि मिटली की कोंडमारा, अशी त्यांची अवस्था झाली होती. एके रात्री झोप न लागून बसले असता तेच म्हणाले, "महाबळेश्वरला जाऊ या. तिथे मला श्वास घेता येईल."

महाबळेश्वर त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिले होते. मार्च २००९ मध्ये, साहित्य संमेलनाला. त्या ८२ व्या संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष आनंद यादव हे 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीवरून उठलेल्या वादळात राजीनामा देऊन बाजूला झाले होते आणि संमेलन अध्यक्षावाचूनच पार पडले. वाङ्मयाच्या इतिहासात त्याची नोंद तेवढ्यासाठीच राहील. नानाही त्या प्रकरणावर अखेरपर्यंत तावातावाने बोलत. लेखकाने माघार घ्यायला नको होती, असे त्यांचे मत होते. पण बोलता बोलता त्यांचा आवाज उतरे आणि ते तिथल्या सकाळीचे वर्णन करू लागत. कोरडी, हलकी थंडी; जांभळीच्या झाडांखालची तांबडी वाट; मांडवाबाहेर उभे राहून घेतलेला चहा; आणि तीन दिवसांत एकदाही न लागलेली धाप. त्यांच्या मनातले महाबळेश्वर हे ते होते. मार्चमधले.

आम्ही दोघे त्या वर्णनावर विश्वासलो याचे आता नवल वाटते. आम्ही दोघेही वाङ्मयाचे विद्यार्थी. वर्णनात काय गाळलेले असते ते शोधणे हाच आमचा अभ्यास. पण जगण्याचा प्रश्न आला की माणूस आपले शास्त्र गुंडाळून ठेवतो.

जानेवारी २०२१ मध्ये आम्ही वर आलो. पाचगणीच्या अलीकडे पसरणी घाट चढताना ट्रकमध्ये आमच्यामागे पुस्तकांचे बावीस खोके होते. सगळे नानांचे. भांडीकुंडी सात खोक्यांत मावली होती.

पहिले चार महिने दृष्ट लागावी असे गेले. नाना सकाळी वेण्णा तलावापर्यंत चालत जाऊन येत. मुलाचे वर्ग दुपारी संपले की आम्ही चौघे कुठल्या तरी टोकावर जाऊन बसत असू. मार्चच्या शेवटी दुसरी लाट आली, निर्बंध आले आणि एप्रिल-मेमध्ये, जेव्हा या गावात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा गाव आमच्यापुरते उरले. बाजारपेठेतले दुकानदार बुडालेल्या हंगामाचा हिशेब करीत बसलेले असत आणि आम्ही त्यांच्या रिकाम्या रस्त्यावरून शांततेचे कौतुक करीत जात असू. त्या कौतुकाची आज लाज वाटते. ती शांतता नव्हती, ती त्यांची उपासमार होती.

एका संध्याकाळी बॉम्बे पॉइंटवर मुलाने विचारले, "इथून आपली मुंबई कुठे दिसते?" समोर प्रतापगड होता, त्यामागे कोकणात उतरत गेलेल्या डोंगरांच्या रांगा आणि सूर्य. मुंबई कुठेच दिसत नव्हती. मुंबईकडे जाणारा जुना रस्ता या बाजूने उतरे, त्यावरून हे नाव पडले, असे नानांनी त्याला सांगितले. मुलाला ते पटले नाही. ज्या ठिकाणाहून मुंबई दिसत नाही त्याला मुंबईचे नाव देणारी माणसे त्याला खोटारडी वाटली.

नावांची गोष्ट निघालीच आहे तर थोडे विषयांतर करतो. या गावातली बहुतेक नावे पाहुण्यांनी ठेवलेली आहेत. १८२९ साली सर जॉन माल्कमने साताऱ्याच्या छत्रपतींशी करार करून, खंडाळा गावाच्या बदल्यात, ही जागा मिळवली. पेठेला त्याचे नाव लागले, एका कड्याला त्याच्या मुलीचे. आर्थर सीटला त्याआधी मढीमहाल म्हणत. ही जागा हवी होती ती आजारी गोऱ्यांना बरे होण्यासाठी, आणि पुढे उन्हाळ्यात मुंबई सरकारचा कारभारच इथे चढू लागला. 'थंड हवेचे ठिकाण' हा आपण शालेय पुस्तकांत घोकलेला शब्द त्या व्यवहारातून आला. तो शब्द नीट पाहावा. त्यात हवा आहे, थंडी आहे आणि ठिकाण आहे. माणूस नाही, आणि पाऊस तर नाहीच. ज्याने तो घडवला त्याला खालच्या उकाड्यातून सुटायचे होते, एवढेच त्या शब्दाला ठाऊक आहे. इथल्या माणसांच्या बोलण्यात तो कधी ऐकू येत नाही. ती दोनच शब्द वापरतात : 'वर' आणि 'खाली'. वर म्हणजे हे गाव, खाली म्हणजे उरलेले जग. वाई खाली, पोलादपूर खाली, मुंबईही खालीच.

आणि ते गोरे साहेब जूनच्या मध्यास दप्तर गुंडाळून पुण्याकडे उतरत, हेही आम्हाला ठाऊक होते. वाचलेले होते. आजाऱ्याला घेऊन आलेला माणूस पावसाळ्याआधी खाली उतरतो, ही या गावाची दोनशे वर्षांची रीत आहे. आम्ही ती इतिहास म्हणून वाचली, सूचना म्हणून नाही.

मेच्या अखेरीस घरमालकाने झडी बांधायला माणूस पाठवला. झड म्हणजे पावसाचा आडवा मारा, आणि त्याला अडवण्यासाठी भिंतींना बाहेरून जो गवताचा कूड बांधतात त्यालाही झडच म्हणतात. रोग आणि औषध यांना एकच नाव असण्याचे हे एक उदाहरण. बांबूच्या कामट्यांत वाळलेले गवत दाबून बसवलेले असते. हल्ली त्याच्या जोडीला निळे प्लास्टिक येते, पुष्कळ घरांवर नुसते प्लास्टिकच. घराच्या पश्चिमेकडच्या आणि दक्षिणेकडच्या भिंती छपरापासून जमिनीपर्यंत झाकल्या जातात. खिडक्यांसकट. आतून पाहिले तर ऐन दुपारी संध्याकाळ होते आणि ती ऑक्टोबरपर्यंत टिकते.

नानांची खोली पश्चिमेला होती. त्यांच्या टेबलासमोरच्या खिडकीवर झड चढू लागली तेव्हा त्यांनी त्या माणसाला थांबवले.

"ही एवढी मोकळी राहू द्या. मला डोंगर दिसला पाहिजे."

"आवं गुरुजी," तो शिडीवरूनच म्हणाला, "पावसात कुठला डोंगर दिसतोय?"

नानांनी हट्ट धरला. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही नानांची बाजू घेतली, कारण एवढ्या मोठ्या घरबदलात त्या माणसाने मागितलेली ही पहिली गोष्ट होती. त्याने खांदे उडवले आणि खिडकीपुरती झड कापून घेतली.

पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे मुंबईच्या दुपटीहून अधिक, आणि त्यातला बराचसा जुलै-ऑगस्टात. हे आकडे आम्ही येण्याआधी पाहिले होते. पण पावसाची खरी ओळख आकड्यांतून होत नाही, ती कपड्यांतून होते. कपडे वाळत नाहीत. धुतलेलेही वाळत नाहीत आणि कपाटात ठेवलेलेही हळूहळू ओले होतात. मिठाचे पाणी होते, आगपेटी पेटत नाही, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी लव येते. ढग घरात येतात असे आम्ही मुंबईच्या मित्रांना फोनवर मोठ्या हौसेने सांगितले. ढग घरात आला की गाद्यांवर बसतो, हे पुढच्या फोनवर सांगितले नाही. शेजारच्या मावशींनी आम्हाला कोळशाची शेगडी आणून दिली, तिच्यावर बांबूचे टोपले पालथे घालून कपडे वाळवायला शिकवले आणि कपाटात बल्ब लावून तो दिवसरात्र चालू ठेवायला सांगितले. "मुंबईस्नं येताना काय काय आणलंत?" असे त्यांनी एकदा विचारले. पुस्तके, असे आम्ही म्हणालो. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. हे तेच मेढ्याच्या मित्राचे गप्प राहणे.

नाना पुस्तकांच्या बाबतीत गाफील नव्हते. प्रत्येक फळीवर वेखंडाचे तुकडे, कापराच्या पुड्या, कडुलिंबाचा वाळका पाला. हे सगळे कसरीला आणि वाळवीला भिववणारे उपाय. बुरशीला त्यांची पर्वा नसते. जुलैच्या सुरुवातीला पहिले डाग दिसले. जुन्या, पिवळ्या, आम्लधारी कागदावर आधी, मग कापडी बांधणीवर. रोज दुपारी नाना दहा-पंधरा पुस्तके शेगडीपाशी घेऊन बसत, पाने चाळत, मऊ फडक्याने पुसत. खोलीत कोळशाचा धूर आणि बुरशीची पूड. आम्ही कामाच्या खोलीत, कानांना यंत्रे लावून मुंबईशी बोलत असू. पुस्तकांना वाचवणारी ती दुपार त्यांच्या छातीत काय साठवीत होती, ते आमच्या लक्षात आले नाही. खोकला वाढला तेव्हा आम्ही हवा बदलल्याचा परिणाम म्हणालो.

२२ जुलैची रात्र या डोंगरातली माणसे विसरणार नाहीत. चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळजवळ सहाशे मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी खाली महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट जागोजागी खचला. हे सगळे आम्हाला नंतर कळले. त्या रात्री कळले ते इतकेच, की वीज गेली आहे, फोन मुके झाले आहेत आणि छपरावरचा आवाज हा पावसाचा आवाज राहिलेला नाही. एखादी मालगाडी थांबायचे नाव न घेता डोक्यावरून जात राहावी तसा तो होता. मुलगा आमच्या मध्ये झोपला होता. पहाटे कधी तरी नानांच्या खोलीतून काहीतरी पडल्याचा आवाज आला.

खिडकीचे एक दार चौकटीसकट आत आले होते. टेबल, त्यामागची मांडणी आणि तिच्यावरची चार फळ्या पुस्तके यांवर पाऊस आडवा, थेट, विनाअडथळा पडत होता. नाना गुडघाभर भिजलेल्या धोतराने फळीसमोर उभे होते आणि पुस्तके कवेत घेऊन पलंगावर नेत होते. पलंगही भिजला होता. आम्ही त्यांना ओढून बाजूला केले. त्यांना बोलता येत नव्हते. ओठ निळसर दिसत होते की विजेरीच्या उजेडात तसे वाटत होते, हे आम्हां दोघांना आजही निश्चित सांगता येत नाही, आणि या एका गोष्टीवरून आम्ही अजूनही भांडतो.

डॉक्टर सकाळी चालत आले. त्यांनी वाफ दिली, औषधे दिली आणि निघताना विचारले, "यांना पावसाळ्यात वर का ठेवलंत?" प्रश्नात राग नव्हता. नळ उघडा का ठेवलात, असे विचारावे तसा तो होता.

त्या आठवड्यात आम्ही दोघांनी वाचलेली सगळी डोंगराची पुस्तके मनातल्या मनात पुन्हा चाळली. गो. नी. दांडेकरांच्या 'माचीवरला बुधा'ने आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांना मुंबई सोडायची स्वप्ने दिली. पण बुधा राजमाचीला 'परतला' होता. डोंगर त्याला ओळखत होता. आम्ही नुसते आलो होतो. दुर्गाबाईंनी मराठीत आणलेला थोरो वॉल्डनकाठी एकटा राहिला, तेही दोन वर्षे आणि दोन महिने, आणि गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. गौरी देशपांडे यांचे 'विंचुर्णीचे धडे' आमच्या सर्वांत जवळचे, कारण त्यात गाव माणसाला शिकवते, माणूस गावाचे गोडवे गात बसत नाही. तरी विंचुर्णी फलटणकडची, कमी पावसाची. या कुठल्याच पुस्तकात दम लागणारा म्हातारा आणि बावीस खोके नव्हते. यात पुस्तकांचा दोष नाही. त्यांनी आम्हाला बोलावले नव्हते. आपण वाचताना स्वतःला एकटे कल्पितो, आणि घर सोडताना मात्र चौघे निघतो.

नऊशे-साडेनऊशे पुस्तकांपैकी तीनशेच्या आसपास गेली. उरलेली नोव्हेंबरात अंगणात ऊन खात पडली होती. मुलगा त्यांच्यावर राखणदार होता, कारण माकडे.

नोव्हेंबर आला, स्ट्रॉबेरीचे वाफे लाल झाले आणि नाना पुन्हा हिंडू लागले. त्या हिवाळ्यात आम्ही त्यांना भिलारला नेले. पाचगणीहून येताना लागणारे हे स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्यांचे गाव ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचं गाव' झाले. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, लोकांच्या घरांत, ओसरीवर, देवळात पुस्तके मांडली गेली. कुठे कादंबरी, कुठे कविता, कुठे संतवाङ्मय. नाना एका घराच्या पडवीत शिरले. पुस्तक उघडून आधी त्यांनी पाने नाकाशी नेली. मग घरच्या सूनबाईंना विचारले, पावसाळ्यात तुम्ही यांचं काय करता? ती काय काय सांगू लागली : कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर, काचेची दारे, उघडीप मिळाली की सगळी बाहेर. नाना वहीत लिहून घेत होते. चौतीस वर्षे शिकवलेल्या माणसाला शिकताना आम्ही प्रथमच पाहिले. परतताना गाडीत ते म्हणाले, "मी इथे मार्चमध्ये आलो होतो. चूक तिथेच झाली."

२०२२ च्या मार्चात घरमालकाने सांगितले, की १५ एप्रिल ते १० जून घर मोकळे करून हवे. हंगामाच्या आठ आठवड्यांत पाहुण्यांकडून त्याला जे मिळते ते आमच्या दहा महिन्यांच्या भाड्याहून अधिक होते. दोन हंगाम बुडालेले, त्यामुळे त्याला नावे ठेवायला आमच्याकडे तोंड नव्हते. इथे पुष्कळ घरांचा हाच करार असतो, एवढेच की तो अकरा महिन्यांच्या कागदावर लिहीत नाहीत. २००१ पासून हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेला, नव्या बांधकामावर मर्यादा. म्हणजे आहेत तीच घरे, आणि त्यांत पाहुणा आधी. त्या मे महिन्यात आम्ही मुंबईला मावसभावाकडे, मुंबईच्या उकाड्यात, पाहुणे म्हणून राहिलो आणि मुंबईची माणसे महाबळेश्वरला आमच्या घरात, आमच्या पलंगावर, आमची थंडी घेत राहिली. यातला विनोद आम्हाला त्या वेळी दिसला नाही. मुलाला दिसला. तो मावसभावाच्या मुलांना सांगत होता, "आम्ही सीझनला खाली येतो."

नाना आमच्याबरोबर मुंबईला आले नाहीत. त्यांनी वाईला दोन खोल्या घेतल्या.

हा निर्णय त्यांचा एकट्याचा होता आणि तो त्यांनी आम्हाला कळवला, विचारला नाही. वाई महाबळेश्वरपासून बत्तीस किलोमीटर. उंची निम्मी, पाऊस त्याहून कितीतरी कमी. कृष्णेचा घाट, कोरडी भिंत, आणि नानांच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे गाव. प्राज्ञपाठशाळा इथली. मराठी विश्वकोशाचे काम इथून चालले. जन्मभर ज्या खंडांतून त्यांनी मुलांना टिपणे काढून दिली, ते खंड या गल्ल्यांत लिहिले-तपासले गेले, या कल्पनेने ते उत्साहित झाले होते. वाचलेली सहाशे पुस्तके त्यांच्याबरोबर खाली गेली. ठरले होते ते चार महिने. पावसाळा खाली, उन्हाळा आणि हिवाळा वर.

त्या वर्षी ते दिवाळीला वर आले आणि जानेवारीत परत गेले. पुढच्या वर्षी दिवाळीला दहा दिवस. आम्ही दर रविवारी उतरत असू. वाईत त्यांचे आमच्याहून बरे चालले होते, हे कबूल करायला आम्हाला वेळ लागला. घाटावर त्यांची चार-पाच जणांची बैठक जमली होती; एक निवृत्त तलाठी, एक मूर्तिकार, एक पोस्टातला. आमच्याकडे, वर, अडीच वर्षांत शेजारच्या मावशींपलीकडे कुणाशी घरोबा नव्हता. पाण्याकडे बोट दाखवून ते नातवाला म्हणत, "तुमचा पाऊस आमच्याकडे उशिरा येतो. आधी बलकवडीला थांबतो, मग धोमला. दोन धरणांची परवानगी घेऊन." क्षेत्र महाबळेश्वरला पाच नद्यांचे देऊळ आहे, कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. सावित्री तेवढी पश्चिमेला उडी टाकते आणि कोकणातून समुद्राला मिळते, कृष्णा पूर्वेला वळून सारा देश चालत बंगालच्या उपसागराला जाते. नाना म्हणत, मी कृष्णेच्या पंथाचा, तुम्ही अजून ठरवलेलं नाही.

खरोखरच ठरत नव्हते. २०२२ पासून आमच्यापैकी एकाच्या कचेरीने आठवड्यातून दोन दिवस हजेरी मागितली होती. मुलाची शाळा, घरमालकाचा करार, नानांचे वाईला असणे. परत जाण्याची सगळी कारणे होती. आम्ही नानांसाठी वर आलो होतो आणि नाना खाली होते. मग आम्ही वर कुणासाठी राहिलो होतो? याचे सरळ उत्तर असे, की आम्हाला वर आवडू लागले होते. सप्टेंबरात धुके फाटून अचानक दरी दिसते ते आवडत होते; पण त्याहून, हंगाम संपल्यावर दुकानदार आपल्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसतो आणि आपल्याला नावाने हाक मारतो, ते आवडत होते. २०२३ च्या जूनमध्ये आम्हाला बारा महिने राहता येईल असे घर मिळाले, पेठेपासून दूर, मालक स्वतः खाली राहतात असे. 'बारमाही भाडेकरू' हा शब्द मालकांच्या तोंडी ऐकून आम्हाला पदवी मिळाल्यासारखे झाले. आणि हे आवडणे आम्ही नानांपासून लपवीत होतो, जसे काही त्यांच्या आजारावर आमची चैन चालली होती.

२६ डिसेंबर २०२३ ला दुपारी दीडच्या सुमारास वाईहून फोन आला. नानांना धाप लागली आहे, दवाखान्यात नेले आहे. आम्ही पाच मिनिटांत निघालो. नाताळचा आठवडा. वेण्णा तलावापासून गाड्या लागलेल्या होत्या, वर येणाऱ्या आणि खाली जाणाऱ्या, घोडे, मक्याच्या कणसांच्या गाड्या, खिडकीतून हात बाहेर काढून धुके टिपणारी मुले. पाचगणीपर्यंत पोचायला दोन तास लागले. पसरणी घाटात एक बस वळणावर अडकली होती. बत्तीस किलोमीटर उतरायला आम्हाला पावणेचार तास लागले. शेजारच्या गाडीतल्या एका गृहस्थांनी काच खाली करून विचारले, "वर अजून किती वेळ लागेल हो? मुलं कंटाळलीयत." आम्ही त्यांना काय सांगितले ते आठवत नाही. त्यांच्यावर राग आला नाही. २००९ मध्ये नाना याच रस्त्याने, अशाच हौसेने वर आले होते.

आम्ही पोचलो तेव्हा बैठकीतले तिघे बाहेरच्या बाकावर बसले होते. ते उठून उभे राहिले, त्यावरून कळले.

मुलुंडहून आलो नसतो तर, वर न राहता आम्हीही वाईला उतरलो असतो तर, ती खिडकी झाकली असती तर. हे सगळे हिशेब आम्ही केले आहेत, वेगवेगळे आणि मिळून. डॉक्टरांच्या मते फुप्फुसे २०२० पासूनच उताराला लागलेली होती. आमच्या वाट्याला किती येते हे त्यांनी सांगितले नाही, आम्ही विचारलेही नाही. दहावा-तेरावा झाल्यावर मूर्तिकारांनी नानांची वही आणून दिली. भिलारला घेतलेल्या टिपणांच्या पुढे त्यांनी वाईतल्या सहाशे पुस्तकांची यादी केली होती, आणि प्रत्येक नावापुढे एका शब्दात अवस्था लिहिली होती : 'ठीक', 'डाग', 'बांधणी', 'वाचण्याजोगे'. शेवटचा शब्द त्यांनी सर्वांत अधिक वेळा वापरला आहे.

पुस्तके वाईलाच आहेत. बैठकीतल्या पोस्टातल्या गृहस्थांनी आपल्या वाड्यातली एक खोली दिली आहे. संध्याकाळी दोन तास ती उघडी असते. वर आणायचा विचार आम्ही केला नाही.

परवा झडी बांधायला तोच माणूस आला होता. नवे घर आमच्याच जबाबदारीवर असल्यामुळे गवत, कामट्या, सुतळी आम्हीच आणून ठेवली होती. त्याला नाना आठवत होते. मुलगा आता नववीत जाईल. तो त्याच्याबरोबर शिडी धरायला गेला, आणि आम्ही आत चहा टाकत असताना बाहेरून त्याचा आवाज आला, "पश्चिमेची आधी घ्या, मामा. अन् खिडकीवरनं पण."

"तुमच्या आजोबांना डोंगर बघायचा असायचा," तो माणूस म्हणाला.

"पावसात कुठला दिसतोय?" मुलगा म्हणाला, आणि त्याने सुतळीचे टोक वर दिले.